नात्याचा रकाना

"अहो, थांबा! गिळू नका ती गोळी!"

औषधांच्या दुकानासमोरच्या रांगेत सगळ्यांनी वळून पाहिलं. ज्याच्यासाठी हे ओरडणं होतं तो सत्तरीचा, शिडशिडीत माणूस एका हातात गोळी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली घेऊन तोंड उघडं ठेवूनच थांबला.

"आत्ता घेतलीत ती आणि ही, दोन्ही एकच आहेत. कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी, औषध तेच. गुडघे दुखायचे थांबतील न थांबतील, पोट मात्र कामातून जाईल!"

"तुम्ही डॉक्टर का?"

"नर्स. अडतीस वर्षं डॉक्टरांच्या चुका निस्तरल्यात."

"मी लिफ्टचा मेकॅनिक," तो म्हणाला. "सगळं आयुष्य वरखाली करण्यात गेलं. पण इतक्या हक्काने मला कुणी ओरडलं नव्हतं हो..."

आणि तो हसला. सिस्टरचे कान चक्क गरम झाले. सदुसष्टाव्या वर्षी हे काय भलतंच, म्हणून तिने मनातल्या मनात स्वतःला झापलं आणि पुढच्या मंगळवारी त्याच्या घरी येऊन रक्तदाब तपासून देण्याचं कबूल करून ती घरी आली.

घरी तिला सगळे आई म्हणत, पण होती ती घराची कर्ती. तिच्या चौतिसाव्या वर्षी नवरा गेला तेव्हा पदरात दोन मुलं, अंथरुणाला खिळलेली सासू आणि शिकणारे दोन दीर. रात्रपाळी संपवून आली की सकाळी ती सगळ्यांचे डबे भरायची. सासूचं नऊ वर्षं केलं. दिरांची लग्नं लावली, जावांची बाळंतपणं काढली, पुढे मुलं, सुना, नातवंडं सगळी एका छताखाली बांधून ठेवली. तिच्या शब्दाबाहेर त्या घरात चमचासुद्धा हलत नसे. कुणाला ताप येणार हे तिला आदल्या दिवशी कळायचं. तिला स्वतःला काय हवंय, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिनेही कुणाला विचारू दिलं नव्हतं.

मंगळवारचा रक्तदाब दर मंगळवारी वाढलेला निघू लागला.

"तुम्ही पट्टा बांधलात की वाढतो," लिफ्टवाले म्हणाले. "दवाखान्यात तपासला, तर एकदम व्यवस्थित."

"मग दवाखान्यातच तपासत जा."

"नको. मला आजारीच राहू द्या."

असली उत्तरं ऐकून ती डोळे वटारायची आणि मागे वळून हसायची. पावसाची सर आली की निघायला उशीर व्हायचा, आणि सर थांबली तरी तो उशीर व्हायचाच. अशी दीड वर्षं गेली. मग एका मंगळवारी ती पट्टा सोडत असताना त्यांनी तिचा हात तसाच धरून ठेवला.

"लग्न कराल माझ्याशी?"

तिच्या बोटाखाली त्यांची नाडी धावत होती... आणि तिची कुठल्या कुठे पोचली होती.

"घरी बोलते," ती म्हणाली. "नातीची परीक्षा तेवढी होऊ दे."

परीक्षा झाली. मग धाकट्या मुलाच्या बदलीचं निघालं, मग धाकट्या दिराच्या मोतीबिंदूचं. सबबींना काय तोटा! सहा महिने गेले. आणि एक दिवस भर बाजारात, लिफ्टवाले तिच्या हातातली पिशवी घेत असताना, थोरला मुलगा समोर उभा राहिला.

"आई? हे कोण?"

"पेशंट आहेत माझे," ती पटकन म्हणाली.

लिफ्टवाल्यांनी नमस्कार केला. मुलगा दिसेनासा झाल्यावर त्यांनी पिशवी तिच्या हातात परत दिली.

"पेशंट," मग ते म्हणाले. "बरं झालं, कळलं तरी मला."

"अहो, तसं नाही. तोंडातून निघून गेलं..."

"मी रविवारी पुतण्याकडे जातोय, कायमचा. तुम्ही जाऊ नका म्हणालात, तर नाही जाणार. पण घरात सांगून म्हणा."

त्या आठवड्यात तिने तीन वेळा जेवणाच्या टेबलाशी घसा खाकरला. तिन्ही वेळा अकरा चेहरे वर झाले, आणि तिन्ही वेळा तिने मीठ मागितलं.

शनिवारी सकाळी त्यांच्या शेजारणीचा फोन आला. "सिस्टर, लगेच या. पोट धरून पडलेत हो... रिकाम्या पोटी त्या गुडघ्याच्या गोळ्या घेत होते, चार दिवस नीट जेवलेच नाहीत!"

थोरल्याने गाडी काढली. तिने जाऊन पोटावर हात ठेवला. फळीसारखं कडक. आतला व्रण फुटला होता. हे पोट तिने वॉर्डात शंभरदा पाहिलं होतं, आणि उशीर झालेल्यांचं काय होतं तेही पाहिलं होतं. चार दिवस हा माणूस कुणाच्या रागाने जेवला नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

हॉस्पिटल तिचंच, जन्म काढला तिथलं. इन्चार्ज बाई तिच्याच हाताखाली शिकलेली. तिने संमतीपत्र पुढे केलं.

"त्यांची सही झालीय, सिस्टर. पण जोखमीचं ऑपरेशन आहे, घरच्या माणसाची सही लागते. पुतण्याचा फोन बंद आहे. तो लागेपर्यंत थांबावं लागेल."

"थांबायला वेळ कुठाय?"

"म्हणूनच म्हणते. घरचं म्हणावं असं कुणी आहे का?"

रकाना समोर होता. 'रुग्णाशी नाते.'

"आई, शेजारी म्हणून लिही आणि मोकळी हो," थोरला मागून म्हणाला.

"शेजारी नाही चालत," इन्चार्ज बाई हळूच म्हणाली.

तिने पेन घट्ट धरलं आणि लिहिलं: होणारी पत्नी.

"आई!" मुलाने वाचलं. त्याचा चेहरा लालबुंद झाला. "हे काय लिहिलंस? आम्हाला काही विचारायचं तरी!"

"तू तुझ्या लग्नाचं मला विचारलं नव्हतंस, सांगितलं होतंस. मी तुझ्या पाठीशी उभी राहिले. आता मी सांगतेय."

तिचा आवाज वॉर्डातला होता. मुलगा पाठ फिरवून खिडकीशी गेला.

स्ट्रेचर निघालं. लिफ्टवाल्यांचे ओठ कोरडे पडले होते. ती सोबत चालत राहिली.

"सही... कुणी केली?"

"मी."

"काय म्हणून? नर्स म्हणून?"

"होणारी बायको म्हणून."

त्यांनी डोळे मिटले. कोपऱ्यातून पाणी ओघळून कानाशी गेलं.

"मुलाला...?"

"त्याच्यासमोर लिहिलं. आता ऐका. जाऊ नका तुम्ही कुठे. घरात सांगून म्हणतेय."

"रक्तदाब वाढला बघा," ते कसेबसे पुटपुटले. दार बंद झालं.

ती नातेवाइकांच्या बाकावर बसली. या बाकावर बसलेल्यांना तिने जन्मभर धीर दिला होता. त्यातलं एकही वाक्य आता तिच्या कामी येईना. तास गेला, दीड गेला. मुलगा दोन कप चहा घेऊन आला आणि मध्ये हातभर जागा सोडून बसला.

"किती दिवस चाललंय?"

"दोन वर्षं."

त्याने आपला कप बाकावर ठेवला. "मला वाटायचं, तुला आमच्याशिवाय काही लागत नाही."

"मलाही तसंच वाटायचं रे."

आतलं दार उघडलं. हिरव्या कपड्यांतला डॉक्टर बाहेर आला. "यांच्या घरचं कोण आहे?"

सिस्टर उठली. मुलाने तिचं कोपर धरलं.

"आम्ही," तो म्हणाला.

"निभावलं. अजून दोन दिवस जपायला हवं. थोडी शुद्ध आलीय, कुणाला तरी शोधताहेत. पण आत एकालाच सोडता येईल."

तिने मुलाकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते, आणि राग अजून पुरता गेला नव्हता. त्याने तिच्या हातातला थंड झालेला कप काढून घेतला.

"जा तू," तो म्हणाला. "घरी मी सांगतो सगळ्यांना."

आणि सिस्टर धावत सुटली. वॉर्डात धावायचं नसतं, हे तिथल्या प्रत्येकीला तिनेच शिकवलं होतं.