नवव्या खांबाची उंची

मी रंगवून सांगतेय असं तुम्हाला वाटेल. पण मला रंगवता येत नाही. लग्नाला चार महिने झाले, सासरी माझी दोनच वाक्यं सगळ्यांना माहीत आहेत : "हो आई" आणि "वाढू का?"

त्या रविवारी सकाळी मात्र मी थर्मास आणि पोह्यांचा डबा घेऊन शिवडीची टेकडी अक्षरशः उड्या मारत चढले. वर माझ्या नवऱ्याच्या, यतीनच्या, पणजोबांच्या नावचा जमिनीचा तुकडा आहे. जमीन कसली, नुसता कातळ. इतकी वर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आम्ही पाहिलं, कारण दादरच्या दोन खोल्यांत सासू-सासरे, दीर, शिवणयंत्र आणि आम्ही राहतो, आणि आमचा संसार एका पडद्याआड आहे. पडद्यावर बदकं आहेत.

कातळ फोडायला परवानगी नाही. म्हणून यतीननं लाकडाचं हलकं घर आखलं, नऊ खांबांवर उभं राहणारं. कातळ उंचसखल, त्यामुळे प्रत्येक खांबाची उंची वेगळी. माथे मात्र एका पातळीत हवेत. आठ खांब खळग्यांत रोवून झाले होते. नवव्या जागी कुशाबा गवंड्यांनी पहार आपटली की इतर ठिकाणांसारखं 'ठण्' वाजत नसे. 'बद्द' वाजायचं. मडक्यासारखं.

"हा कोपरा सोडा साहेब," कुशाबा पुन्हा म्हणाले. "भार नाही घ्यायचा हा."

तो कोपरा म्हणजे आमची खोली. दार असलेली, कडी असलेली.

"आधी पातळी तर काढू," यतीन म्हणाला.

गवंडी पातळी काढतात ती पाण्याच्या नळीनं. लांबलचक पारदर्शक नळी, आत पाणी. एक टोक इथं, दुसरं कुठंही न्या, दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर थांबतं. यतीननं नवव्या खळग्यापाशी एक पट्टी उभी केली, तीन फूट दहा इंचांवर रेघ मारली आणि नळीचं टोक माझ्या हातात दिलं. "नववा खांब एवढा. पाणी या रेघेवर आलं की ओरड. दुसऱ्या टोकाला मी बाकीच्या खांबांवर कापायच्या खुणा करतो."

उन्हात ते पाणी काही दिसेना. मला एकदम सुचलं. आईंनी पर्समध्ये कोंबलेली कुंकवाची डबी काढली आणि दोन चिमटी नळीत सोडल्या. पाणी लालभडक झालं, रेघ लांबूनही दिसायला लागली. मी खूश.

कुशाबांनी हातातली पहार खाली ठेवली. "वहिनी, काय घातलंत?"

"कुंकू."

ते कातळाकडे बघत म्हणाले, "ज्याला कुंकू लागलं ते आपल्याला दिलं, असं समजतो तो."

"तो कोण?"

त्यांनी हनुवटीनं खाली खूण केली, चपला पायात सरकवल्या आणि पायवाटेनं उतरायला लागले.

"कुशाबा! अहो, चहा तरी घ्या!" यतीन हसला, मग माझ्याकडे वळून म्हणाला, "राहू दे गं. आपण दोघं करू." नळीचं दुसरं टोक घेऊन तो मधल्या मोठ्या खडकाआड गेला.

ओहोटी होती. खाडीच्या चिखलाचा आंबूस वास वर येत होता. बंदरातला एक भोंगा वाजून थांबला, आणि मग काहीच वाजेना.

नळीतलं पाणी हललं, चढलं, रेघेवर थांबलं. "आलं!" मी ओरडले.

"आलं," खडकाआडून आवाज आला.

दुसरा खांब. "आलं!" "आलं." तिसरा. चौथा. इतकं भराभर काम होत होतं की मी मनात खिडकीला पडदे लावून मोकळी झाले. बिनबदकांचे. आठवा झाला.

"आता नववा," आवाज म्हणाला.

"नववा उभाच कुठाय, वेड्या?"

मग अगदी हळू... "सरळ उभी राहा."

यतीनला असल्या थट्टा आवडतात. मी हसत ताठ उभी राहिले. पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधे, काहीतरी गार आडवं फिरलं.

"आलं," आवाज म्हणाला. माझ्या मागून.

मी वळले. मागे फक्त खळगा होता. आणि पायवाटेनं, खालून वर, कुशाबांचा दंड धरून यतीन येत होता.

"सॉरी गं, यांना समजावायला लगेच मागनं धावलो. अर्धा तास उभीच आहेस का? टोक तिकडेच टाकून गेलो होतो मी."

आठही खांबांवर लाल रेघा होत्या. कुशाबांनी एकेक तपासली. केसभरही फरक नव्हता. मग त्यांनी नवव्या खळग्यात पहार आपटली.

ठण्.

यतीननं मला उचलून गरकन फिरवलं. "आपली खोली, क्षितिजा! आपली खोली!" मीही ओरडत होते; खोटं कशाला सांगू, आनंदानं. कुशाबांनी माझ्या पाठीकडे एकदा पाहिलं आणि हात जोडले. मला की खळग्याला, ते कळलं नाही.

घरी येऊन पडद्याआड कपडे बदलताना आरशात पाठ दिसली. लाल आडवी रेघ. कुर्त्यावर काहीच नव्हतं, ती कातडीवर होती. घासली, निघेना. मी यतीनचा टेप घेतला, अनवाणी ताठ उभी राहिले आणि जमिनीपासून मोजलं. तीन फूट दहा.

"उद्या नववा उभा करायचाय," यतीन पलीकडून म्हणाला. "येशील ना?"

एक वाक्य बोलले असते तर तो थांबला असता. समोर पडद्यावरची बदकं होती.

"येते," मी म्हणाले, कुर्ता चढवला आणि खुर्चीवर बसले.

सासूबाई पडदा सारून आत आल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं, कपाळाला कुंकू असं आडवं काय फासलंयस?"

मी पाठीवर हात नेला. पाठ स्वच्छ होती, गुळगुळीत.

टेप अजून हातातच होता. मी बसल्या बसल्या त्याचं टोक जमिनीला टेकवलं आणि पट्टी हळूहळू कपाळापर्यंत वर ओढली. तीन फूट दहा.