शेवटच्या रिळातला माणूस

"बाई, शेवटचं रीळ गेलं!"

तुरिनमधल्या रुमानियन चित्रपट महोत्सवाचा प्रोजेक्टर चालवणारा सोरिन जिन्यावरूनच ओरडला. खाली डोम्निकाबाई पोस्टर चिकटवत होत्या. दर रविवारी चर्चमध्ये त्या परदेशात वाढणाऱ्या रुमानियन मुलांना मातृभाषा शिकवत.

"ओरडू नकोस. नीट सांग."

"डबा आहे, आतलं रीळ नाही. दुसरी प्रत नाहीच हो!"

शेजारी उभी असलेली स्मरांडा पांढरीफटक पडली. त्या रिळात तिचे नट असलेले वडील होते. ती आईच्या पोटात असताना ते डॅन्यूब नदी पोहून देशाबाहेर पळाले आणि बुडाले, असं आई सांगायची. पळालेल्याचा सिनेमा सरकारने कुलपात टाकला. आईने फोटो जाळले.

"माझ्या स्वप्नात एक ओलाचिंब माणूस येतो, बाई," ती म्हणाली. "त्याला चेहराच नसतो. आज मिळणार होता."

बाईंनी सोरिनला विचारलं, "वर कोण आलं होतं?"

"हिची आई. ऑरेलियामावशी. सरमाल्यांचं, कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याचं, मोठं पातेलं घेऊन. आम्ही चाटूनपुसून खाल्लं."

"पातेलं?"

"घरी नेलं. मी धरतो म्हटलं, तर हात लावू देईना. पोटाशी कवटाळून उतरली."

"रिकामं पातेलं?"

सोरिनने कपाळावर हात मारला.

"स्मरांडा, तुमच्याकडे कोण येतं?"

"कोणी नाही. ईस्टरला ल्योनहून ट्रायानमामा, आईचा मावसभाऊ. बस."

बाईंना सकाळचं चर्च आठवलं. मेणबत्त्यांची दोन तबकं, एक जिवंतांचं, एक मृतांचं. ऑरेलिया पुटपुटली होती, "एक लेकीची, एक नवऱ्याची." दोन्ही तिने जिवंतांच्या तबकात लावल्या होत्या.

तिघं ऑरेलियाच्या स्वयंपाकघरात शिरली. पातेल्यावर झाकण होतं.

"रीळ काढ, ऑरेलिया."

"भलतंच काय, बाई!"

"जित्या माणसाची मेणबत्ती मेलेल्यांत लावली तर तो मरतो, असं आपल्या आया सांगत आल्या. तू लेकीशी खोटं बोललीस, पण तेवढं धाडस तुला झालं नाही. तुझा नवरा जिवंत आहे. आणि चेहरा दिसू नये म्हणून रीळ चोरलंस, म्हणजे लेकीने तो चेहरा पाहिलेला आहे. तुमच्या घरी एकच पुरुष येतो."

"ट्रायानमामा?" स्मरांडा आईकडे वळली.

ऑरेलिया खुर्चीत बसली. "पलीकडे पोचला आणि दुसरं लग्न केलं. राजवट बदलल्यावर दारात उभा राहिला. म्हटलं, यायचं तर भाऊ म्हणून ये."

स्मरांडाने झाकण उचललं. रीळ सोरिनच्या हातात दिलं.

"चल, आई."

"मी कशाला?"

"मी एकटी नाही बघणार."

महोत्सवाच्या अंधाऱ्या सभागृहात, पडद्यावर, नदीकाठचा तरुण वळला आणि हसला.

"कुणाकडे बघून हसतोय?" स्मरांडाने विचारलं.

"कॅमेऱ्यामागे मी उभी होते," ऑरेलिया म्हणाली. "तेव्हा नुकतंच सांगितलं होतं त्याला, तू येणार आहेस म्हणून."