कोऱ्या नजरेची सहल

हसबनीस वकिलांनी त्या रविवारी बुलबुल चौथ्यांदा पहिल्यांदाच पाहिला, आणि चौथ्यांदा त्यांचे डोळे भरून आले.

"अहो, शेपटीखाली लाल आहे त्याच्या! लाल!" बाबर सरांचा दंड गदागदा हलवत ते ओरडले. बाबर सर आदल्याच रविवारी त्याच बुलबुलासमोर नाचले होते. त्यांनी मोठेपणाने मान डोलावली.

सांगलीच्या पक्षीमित्र मंडळात हल्ली असंच चालायचं. पक्षी पाहणाऱ्यांचं एक जुनं दुखणं आहे. एखादा पक्षी जन्मात पहिल्यांदा दिसल्यावर जो आनंद होतो, तो दुसऱ्या खेपेला होत नाही. जिल्ह्यातले सगळे पक्षी पाहून संपलेली ही साठी उलटलेली मंडळी पूर्वी तलावावर जाऊन नुसतेच दडपे पोहे खाऊन परत येत. 'कोरी गोळी' निघाली आणि त्यांना देवच पावला.

गोळीमागचं शास्त्र तसं सोपं होतं. आपण एखादी गोष्ट आठवतो, तेव्हा मेंदूतली तिची गाठ थोडा वेळ सैल होते आणि मग पुन्हा आवळली जाते. नेमकी त्या वेळी ही गोळी पोटात असली, तर गाठ परत बसतच नाही. गोळी घ्यायची, पडद्यावर पक्ष्याचं चित्र बघत बसायचं. तासाभरात तो पक्षी, त्याचा आवाज, त्याचं नाव, सगळं साफ. आपण नेमकं काय विसरलो, हेही कळत नसे.

अशा मंडळाला निदान एक तरी शुद्धीवरचं माणूस लागतं. त्याला सगळे 'जाणतं' म्हणत. कोणता पक्षी विसरायचा हे जाणत्याने ठरवायचं, तो दिसला की नाव सांगायचं, आणि ग्रुपवर चुकीची नोंद जाऊ द्यायची नाही. तात्या तासगावकर गेल्यापासून हे काम त्यांच्या पत्नी कुमुदताई करत होत्या. रोज सकाळी कुणीतरी साळुंकीचा हललेला फोटो टाकून "अद्भुत! काय आहे हे?" असं विचारी, आणि कुमुदताई "साळुंकी" असं लिहीत. मग त्या माणसासाठी फुलं आणि टाळ्या. कुमुदताईंसाठी कुणी टाळी वाजवत नसे.

एका शनिवारी संध्याकाळी त्या गोळी तयार करणाऱ्या डॉक्टर रेवती चौगुलेच्या दवाखान्यात जाऊन बसल्या. रेवती त्यांच्याच गल्लीत लहानाची मोठी झालेली.

"मलाही एक दे गं."

"काकू, तुम्हीच म्हणायच्या ना, प्रत्येक पक्ष्याला काका चिकटलेत म्हणून?"

"चिकटलेतच. खंड्या दाखवताना ह्यांनी पहिल्यांदा माझी हनुवटी धरून मान वळवली होती. खंड्या विसरले तर तेही जाईल ना?"

"जाणारच. स्वेटरचा एक टाका ओढला की शेजारचे उसवतात."

"म्हणूनच म्हणते, कावळा दे."

कावळाच का, हे रेवतीला विचारावं लागलं नाही. तात्यांच्या दहाव्याची हकीकत गल्लीला पाठ होती. कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. मंडळ दुर्बिणींसह हजर होतं. शेवटी एक कावळा उतरला, तर हसबनीस म्हणाले, "हा डोमकावळा. शास्त्राला गावकावळा अभिप्रेत आहे." बाबर सर म्हणाले, "कुठल्या शास्त्राला?" वाद असा पेटला, की तो डोमकावळा कंटाळून उडून गेला. भटजी टोपीने वारा घेत बसले. अखेर कुमुदताई पुढे झाल्या आणि हात जोडून तात्यांना उद्देशून म्हणाल्या, "मंडळ मी सांभाळीन. तुमच्या ग्रुपवर खोटी नोंद जाऊ देणार नाही." कुठूनसा एक गावकावळा आला आणि शिवला.

"ते वचनही पुसलं जाईल, काकू."

"तेच जायला हवंय मला!" कुमुदताईंचा आवाज चढला. "सगळे लहान मुलांसारखे खिदळतात आणि मी एकटी मास्तरीणबाई. त्यांच्या आनंदाचा राग यायला लागलाय मला. ह्या वयात हे शोभतं का?" मग त्या हळूच म्हणाल्या, "वचन विसरलं तर ते मोडलं असं होतं का गं?"

"मेंदूच्या दृष्टीने बघाल, तर तुम्ही ते दिलंच नव्हतं."

"आणि ह्यांच्या दृष्टीने?"

"ते माझ्या विषयात येत नाही." रेवतीने गोळी काढली, पण हातातच धरून ठेवली. "उद्या मंडळालाही कावळाच ठरवलाय तुम्ही. मग नाव कोण सांगणार?"

"एक दिवस नाही सांगितलं तर आभाळ कोसळत नाही."

"एक लक्षात ठेवा. कावळे माणसाचा चेहरा वर्षानुवर्षं विसरत नाहीत. त्यांच्यासाठी गोळी नाही."

"मी तरी कुठे लक्षात ठेवणार आहे?" असं म्हणून कुमुदताईंनी गोळी गिळली आणि पडद्याकडे तोंड केलं.

रविवारी मंडळाची गाडी नेहमीसारखी पडदे ओढून निघाली. वाटेत फुकट दर्शन होऊ नये म्हणून सगळ्यांच्या कानांत कापूस होता. तलावावर उतरून डबे उघडतात न उघडतात, तोच पंपघराच्या भिंतीवर तो येऊन बसला.

"अगंबाई!" कुमुदताई ओरडल्या. काळाभोर, मानेवर राखी रंग, आणि चोच केवढी! इतका देखणा पक्षी आपण कसा पाहिला नाही? त्यांना हसू फुटलं, रडूही आलं. तात्या गेल्यापासून इतकं हलकं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"कोण आहे हा?" बाबर सरांनी विचारलं.

"मला नाही माहीत."

सगळ्यांनी दुर्बिणी खाली घेतल्या. "आजचा आपला विसरलेला पक्षी तर नव्हे?" हसबनिसांनी वकिली शंका काढली.

"छे! तो असता तर मला ओळखू आला नसता का?" आज कोणता पक्षी ठरला होता आणि काल रेवतीकडे आपण कशाला गेलो होतो, तेवढं मात्र त्यांना आठवेना. वय झालं, त्यांनी मनाशी म्हटलं.

वकिलांचा निष्कर्ष तयार होता. "कुमुदताईंना माहीत नाही, म्हणजे जगात कुणालाच माहीत नाही. नवीन जात!"

आरोळ्या उठल्या, मिठ्या झाल्या. पक्षी जागचा हलला नाही. मान तिरकी करून तो फक्त कुमुदताईंकडे बघत होता.

"तात्यांचं नाव देऊ या याला," बाबर सर म्हणाले.

"द्याच," कुमुदताई म्हणाल्या. "याला बघून मला ह्यांचीच आठवण येतेय." त्यांनी डब्यातल्या दहीभाताचा एक मुटका करून भिंतीवर ठेवला आणि चार पावलं मागे आल्या.

पक्ष्याने भाताकडे पाहिलं. मग पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं.

ऊन चढलं. दुर्बिणी लावून मंडळी श्वास रोखून उभी होती. "नोंदीत काय लिहू?" बाबर सरांनी मोबाइल काढून कुजबुजत विचारलं.

"लिहा, नवीन जात. धीट. भाताला शिवत नाही."

नोंद ग्रुपवर गेली. टाळ्या येऊ लागल्या, आणि आज त्यातल्या पुष्कळशा कुमुदताईंसाठी होत्या. पक्षी तसाच बसून होता. का कोण जाणे, कुमुदताईंचे हात आपोआप जोडले गेले, पण पुढे काय म्हणायचं असतं ते त्यांना आठवेना.