समुद्राकडची खिडकी

वास्तुविशारद सँड्रीना फर्नांडिस संतापली होती. वेंगुर्ल्याच्या घरात, तिच्या पायाशी बीकेसीतल्या नियोजित गगनचुंबी इमारतीच्या नव्या मॉडेलचा चुरा पडला होता.

"उद्या मुंबईत इमारतीला मंजुरी देणाऱ्या समितीसमोर पंखा लावून हे दाखवायचं होतं," ती सेलेस्तीन पिंटोला म्हणाली. "जुन्या आराखड्यात वारा भिंतीवरून खाली कोसळतो, फुटपाथवरची माणसं पडतील. नव्यात मधोमध वाऱ्याला वाट दिलीय."

सावंतवाडीची ही खासगी गुप्तहेर सताड उघड्या खिडकीतून समुद्र बघत होती. "जुना आराखडा कोणाचा?"

"ओमकारचा. माझा भागीदार. कालपासून इथेच आहे."

ओमकार शांतपणे म्हणाला, "पहाटे आवाज झाला म्हणून धावत आलो. समुद्रावरून असा वारा येत होता की उभं राहवेना. मॉडेल तोवर पडलेलं."

सँड्रीनाचा भाऊ एल्रॉय स्वयंपाकघरात बांगडे साफ करत होता.

"रात्री बहिणीशी भांडलस?" सेलेस्तीनने विचारलं.

"भांडलंय. त्या टॉवरापायी ती घर इसारली. पण तिचा काम मोडूक माझो हात उठाचो नाय."

"पहाटे खंय होतस?"

"जेटीर. काजूच्या कारखान्याचो धूर थंयसर येय होतो. डोळे चुरचुरले."

"बाई, भावानेच केलंय," स्वयंपाकघरातून बाहेर येताच सेलेस्तीनचा मदतनीस सत्यवान तिच्या कानात कुजबुजला.

सेलेस्तीनने जेटीवरच्या दोघांना फोन करून खात्री केली, मग सगळ्यांना खोलीत बोलावलं.

"एल्रॉय पहाटे जेटीवरच होता. धुराचंही खरं आहे. सत्यवान, कारखाना गावात, जेटी समुद्रात. मग वारा कुठून कुठे वाहत होता?"

"जमिनीकडून... समुद्राकडे."

"हिवाळ्यात पहाटे तसाच असतो. मग ओमकार, समुद्रावरचा वारा एकट्या तुमच्याच अंगावर कसा आला? मॉडेल तुम्ही फोडलंत, खिडकी उघडलीत आणि दोष वाऱ्यावर ढकललात."

ओमकारने मान वळवली. "भर समितीत माझा आराखडा चुकीचा ठरला असता. आणि थोडा वारा लागला तर काय बिघडतं? माणसं सांभाळून चालतात."

सँड्रीना त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "म्हातारी माणसं उभी राहू शकणार नाहीत, हे चाचणीत निघालं तेव्हा तू माझ्या शेजारी बसला होतास."

तिने त्याच्यासमोरच समितीच्या अध्यक्षांना फोन लावला. "मॉडेल माझ्या भागीदाराने फोडलं. मी चाचणीचे निकाल घेऊन येतेय. जुन्या आराखड्यावर माझं नाव राहणार नाही."

फोन ठेवून ती ओमकारला म्हणाली, "बॅग भर."

एल्रॉय हात पुसत दारात उभा होता. "तुझ्या नकाशांची गुंडाळी घी," तो बहिणीला म्हणाला. "मुंबयक मी सोडतंय तुका."