मोरीतला साबण

लाइट गेली होती. आर्णीला ओट्यावर जमलेल्या पोरांना नीळकंठकाका सांगू लागले, "शाळेचं नाव इचारू नका. मिशनची आहे, जिल्ह्यातलीच. अन् मंजुषा माह्या साडूची पोरगी, म्हंजे ऐकीव नाही."

गेल्या कार्तिकातली अमावास्या. रात्रीचे आठ. दुसऱ्या दिवशी शाळेला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. मंजुषा तिथं शिकवायची. नोकरी अजून कायम व्हायची होती. इतिहासाचे फलक लावायचं काम तिच्याकडे आलं. घरी कोणी नव्हतं, म्हणून सहा वर्षांच्या स्पृहालाही तिनं सोबत नेलं.

फलकांवर पहिल्या सिस्टर, कौलारू वर्ग, प्रार्थनाघर, सगळं होतं. एकच गोष्ट वरून गाळायला सांगितली होती. पूर्वी बोर्डिंगात कोणी घरची बोली बोललं, की त्याच्या तोंडात कपड्यांचा साबण कोंबत. मंजुषानं 'कडक शिस्त' एवढंच लिहिलं अन् मोकळी झाली.

"आई, मले तहान लागली."

"मले नाही म्हणायचं इथं! कितीदा सांगू? जा, मोरीतल्या नळावर पी."

"काका, मंग भूत इंग्रजीत बोललं का?" ओट्यावरच्या विक्कीनं टोमणा मारला.

"बोललंच नाही बे ते."

नळ वाहत होता. मग थांबला. पोरगी येईना.

"स्पृहा?"

मंजुषा बोर्डिंगच्या जुन्या मोरीकडे धावली. आधी वास आला. कुजक्या चरबीचा, आंबलेल्या फडक्याचा. कोपऱ्यात स्पृहा उभी. हात मागे. गाल फुगलेले. ओठांतून पिवळट फेस गळत होता. फेसात केस. लांब. पांढरे.

"थुंक!"

थुंकेना. डोळे आईच्या पाठीमागे लागलेले...

मंजुषा वळली नाही. तिनं बोटं पोरीच्या तोंडात घातली. बुळबुळीत वडी. ओढली. निघेना. आतून कोणी धरल्यासारखी.

"सोड!" ती किंचाळली. "सोड माह्या लेकीले!"

वडी हातात आली. अन् मंजुषाच्याच जिभेवर साबणाची चव उतरली.

त्याच रात्री तिनं 'कडक शिस्त' खोडून खरं ते लिहिलं. नोकरी गेली.

"अन् साबण?" विक्की पुढं सरकला.

"मले देला फेकाले. त्यात दात रुतलेला होता. दुधाचा."

"...स्पृहाचा?"

"तिचे सगळे जाग्यावर होते, बापू. अन् ह्याच्या मुळाशी रक्त... ओलं होतं."