लायकाच्या यानाची कडी

"अंतराळात हाडं गोठवणारी थंडी असते आणि तुझी कुत्री म्हणे उकाड्यानं मेली! अन्विता, फलक दुरुस्त कर, नाहीतर यान उचल."

प्रदर्शनाचे परीक्षक सबनीस सर माझ्यावर डाफरले. माझं यान म्हणजे पत्र्याचं जुनं पिंप. मी आणि आबांनी ते उन्हाळाभर ठोकून ठोकून बनवलं. आत चिंध्यांची लायका बसवली. मॉस्कोच्या रस्त्यावरची ही भटकी कुत्री पृथ्वीला प्रदक्षिणा घालणारा पहिला प्राणी ठरली. तिला परत आणायची सोयच कुणी केली नव्हती! प्रदर्शनातलं एक यान चंद्रावरच्या वसाहतीत, मुलांच्या दालनात जाणार होतं. तिथे लायकाच जायला हवी, असं मी ठरवूनच आले होते.

"फलक बरोबर आहे सर. मी पुसणार नाही."

आबांनी जन्मभर यानं थंड ठेवायचं काम केलंय. पण ते कोपऱ्यात उभे राहून गालातल्या गालात हसत होते. मदतीला येतील तर शपथ!

मी आमचा थर्मास उघडला. "चहा घ्या सर. सकाळी भरलाय."

दुपार उलटून गेली होती. सरांनी बेफिकीरपणे मोठा घोट घेतला आणि "आई गं!" म्हणत जीभच बाहेर काढली.

"बघा, अजून गरम आहे! थर्मासला दोन भिंती असतात. मधली हवा काढून तिथे निर्वात पोकळी (जवळजवळ काहीच नसलेली जागा) ठेवतात. उष्णता जाते स्पर्शानं किंवा हवापाण्याच्या प्रवाहाबरोबर. पोकळीत ना स्पर्श, ना प्रवाह. उरतं फक्त प्रारण (मध्ये काही नसतानाही उष्णता पसरणं, जसं सूर्याचं ऊन येतं). त्या वाटेनं ती हळूहळूच बाहेर पडते. लायकाच्या यानाभोवती अशीच पोकळी होती. तिच्या अंगाची, यंत्रांची उष्णता आत साठत गेली आणि थंड ठेवायची यंत्रणा अपुरी पडली. थर्मासात कोंडलं होतं तिला!"

सर जीभ चोळत आबांकडे वळले. "मग आपली यानं कशी तापत नाहीत हो?"

"त्यांना मोठाले पंख लावतो," आबा म्हणाले. "पंखांतून उष्णता प्रारणानं बाहेर टाकतो. अशा चुकांतूनच शिकलो."

"चूक तुमची, जीव तिचा," मी म्हणाले. मला खरंच राग आला होता. "तिला कुणी विचारलं होतं?"

आबांचं हसू मावळलं. "नाही गं," ते हळूच म्हणाले.

सरांनी फलकावर बरोबरची खूण केली. मग यानाच्या दाराशी वाकले. "ही कडी आतून कशी? खऱ्या यानाला अशी नव्हती. काढून टाक."

"नाही काढणार. खऱ्याला नव्हती, म्हणूनच इथे आहे."

सरांनी आत हात घालून कडी हलवून पाहिली. ती खुळखुळली.

"मग नीट घट्ट बसव," ते म्हणाले. "चंद्रापर्यंत हादरे फार बसतात."