सवतीचा टाक

हसू नका, पण मला एका मेलेल्या बाईचा मत्सर वाटायचा. जिवंत सवत परवडली, तिच्याशी निदान भांडता तरी येतं. भावेशची पहिली बायको उन्नती आकड्या येऊन गेली आणि वर्षभरात मी अंजूरच्या या घरात आले. रीतीप्रमाणे सासूबाईंनी माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात तिच्या नावाचा टाक बांधला. चांदीचा छोटासा गोल पत्रा, त्यावर कोरलेली एक बाई.

"कदी उतरवायचा न्हाय, हेमाली. तुजी मोठी भैन हाय ती."

कसली बहीण! भावेश माझ्याशी बोलायचा, पण नजर सारखी त्या टाकावर जायची.

मग मला ओल्या हळदीचा वास यायला लागला. भाकरी थापताना, मासळी साफ करताना, कुठेही. हे सांगितलं तेव्हा सासूबाईंनी आधी माझ्या गळ्यातला टाक चाचपला.

"उन्नतीला पन पैला ह्योच वास यायचा..."

तिच्या वेळी घरच्यांनी भगत गाठला होता. दवाखाना सुचला तोवर ती बेशुद्ध होती. माझ्या वेळी मात्र, मी माणसांची नावं विसरायला लागले, हात आपोआप झटके द्यायला लागला, तसं भावेशने मला रिक्षात घातलं आणि थेट भिवंडी गाठली.

"शरीराचे पहारेकरीच कधी कधी मेंदूवर उठतात," डॉक्टर म्हणाले. "हे वेड नाही, बाहेरचं तर नाहीच. एमआरआय करू. वेळेत सापडलं तर बऱ्या व्हाल."

मला भीतीपेक्षा आनंदच जास्त झाला. तिच्यासाठी जे केलं नाही, ते तो माझ्यासाठी करत होता.

आत जाण्याआधी अंगावरचं सगळं काढायला लावलं. माझं मंगळसूत्र भावेशने सासूबाईंच्या पिशवीत टाकलं. टाक मात्र स्वतःच्या मुठीत धरला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्या नळीत थंडी होती. डोक्याभोवती ठकठक चालली होती, कापडाचा एखादा लूम कानात बसवल्यासारखी. मग सगळं एकदम थांबलं. मशीन चालवणाऱ्या इम्रानचा आवाज आला, दबका.

"भाभी... गळ्यातलं राहिलंय. निकालो ना."

"गळ्यात काही नाही."

"आहे... काळं, गोल काहीतरी दिसतंय."

मी हात गळ्याशी नेला. गळा उघडा होता. पण बोटांना हळदीचा वास लागला.

फोटोत मेंदू दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला सुजलेला दिसला. पाठीतलं पाणी तपासून खात्री झाली, इंजेक्शनं सुरू झाली आणि मी माणसांत आले. गळ्याजवळच्या त्या काळ्या गोलाला डॉक्टर मशीनचा दोष म्हणाले. घरी आल्यावर मी टाक बांधला नाही, देव्हाऱ्यात ठेवून दिला. सासूबाई बडबडल्या, मी ऐकलं नाही. मी जिंकले होते ना!

परवा जेवता जेवता भावेश थांबला.

"हलद कोनाचे घरी हाय गो? काय वास सुटलाय..."

तो हसत होता. माझ्याकडे बघून तो असा कधीच हसला नव्हता.

आज दुपारी त्याला त्याच नळीत घातलं. अंगठी, करदोटा, सगळं मी माझ्या हाताने काढून घेतलं. टाकही देव्हाऱ्यातून सोबत आणला होता, तिला घरी एकटीला सोडायचा धीर झाला नाही. काचेबाहेर बाकावर टाक मुठीत घट्ट आवळून बसले. तू बाहेर माझ्यापाशी बस, म्हटलं, तो आता माझा आहे.

ठकठक थांबली. इम्रान माइकवर वाकला.

"भाऊ... गळ्यातलं राहिलंय."

मी मूठ उघडली. पत्रा होता, काळा दोराही होता. त्यावर कोरलेली बाई तेवढी नव्हती.